तलंगेची मऊ अंडी : करणी नाही, कॅल्शियम



मागे एकदा रामदासपेठेला लागून असलेल्या एका वस्तीत आम्ही गरोदर मातांची वजने घ्यायला बसलो होतो. रामदासपेठ म्हटले की मोठमोठी इस्पितळे, डॉक्टरांच्या पाट्या आणि औषधांची दुकाने डोळ्यांसमोर येतात. त्या इस्पितळांत झाडलोट करणाऱ्या, रुग्णांची उठबस करणाऱ्या आमच्या कितीतरी भगिनी अशा वस्त्यांतून कामाला जातात. त्यांच्यातलीच एक जण पदराखाली वाटी झाकून आली. आजूबाजूला बघत हळूच म्हणाली, "सिस्टर, हे पाहा न. अंड्याले टरफलच नाही. बोट लावलं तर फुग्यावानी दबते."

वाटीत खरोखरच पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेले मऊ अंडे होते. तिच्याकडे पाच कोंबड्या होत्या. पिल्ले असताना घेतलेल्या, हाताने वाढवलेल्या. नुकत्याच अंड्यावर आलेल्या. पहिल्या आठवड्यात एक अंडे मऊ, एक सुरकुतलेले, एक लिंबाएवढे आणि आत पिवळा बलकच नाही. सासू म्हणाली, कोणीतरी करणी केली. शेजारच्या गल्लीतल्या 'जाणत्या'ला विचारले, तर त्याने अकराशे रुपये आणि एक काळी कोंबडी मागितली. बाकीच्या चार कापून टाका म्हणाला. या भगिनीची मुलगी पाच महिन्यांची गरोदर, माहेरी आलेली. तिला रोज एक अंडे मिळावे म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

आम्ही तिला एवढेच म्हटले, "बाई, आठ दिवस थांब. पैसे देऊ नको आणि कोंबडी कापू नको." मग खाली बसून जे समजावले, तेच आज या पानावर लिहीत आहोत. कारण अशी वाटी घेऊन येणारी ती काही पहिली नव्हती.

अंडे तयार कसे होते?

पहिल्यांदा अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीला आपल्याकडे तलंग म्हणतात. तिच्या पोटात अंडाशय असते. त्यात द्राक्षाच्या घडासारखे लहानमोठे पिवळे बलक लटकलेले असतात. एक बलक पिकला की तो सुटून अंडनलिकेत पडतो. ही नळी म्हणजे एक छोटा कारखानाच. पहिल्या भागात सुमारे तीन तास बलकाभोवती पांढरे द्रव्य चढते. पुढच्या भागात साधारण सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे चढतात. उकडलेले अंडे सोलताना आपल्या बोटाला चिकटतो तोच हा पापुद्रा. शेवटच्या भागात अंडे जवळजवळ वीस तास थांबते आणि तिथे त्यावर टरफल चढते. सगळे मिळून २४ ते २६ तास लागतात.

म्हणजे अंड्याचा सर्वांत जास्त वेळ टरफलावर जातो, आणि त्यातला बराचसा काळ रात्रीचा असतो. वीस तासांचे हे काम अर्धवट राहिले, अंडे वेळेआधीच पुढे ढकलले गेले, किंवा टरफलाचा माल कमी पडला, तर अंडे पापुद्र्यासकट बाहेर येते. तेच आपले 'मऊ अंडे'. यात कोणाची नजर लागत नाही आणि कोणाचा मंत्र पोटात शिरत नाही.

तलंगेचेच असे का होते?

नवीन मशीन बसवल्यावर पहिले काही दिवस माल वेडावाकडा निघतो. तलंगेचेही तसेच आहे. अंडाशय आणि नळी यांचा ताल अजून जमलेला नसतो. कधी दोन बलक एकदम सुटतात, मग एका टरफलात दोन बलकांचे मोठे अंडे येते. कधी बलक न सुटताच नळी कामाला लागते, मग लिंबाएवढे बिनबलकाचे अंडे येते. कधी एकामागे एक अशी दोन अंडी नळीत येतात, त्यातले एक दबून चपटे होते किंवा टरफलाविना बाहेर पडते. टोकाला खडबडीत, कमरेवर वळी पडलेले, लांबुळके, अशी अनेक रूपे दिसतात.

आमच्या वयात येणाऱ्या मुलींकडे बघा. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असू शकते. शरीराचा ताल बसायला वेळ लागतो. तिथेही काही घरांत धागेदोरे बांधतात, इथेही. दोन्ही ठिकाणी गरज असते ती वेळेची, पोटभर अन्नाची आणि लक्ष ठेवण्याची.

तलंग धडधाकट असेल, खात-पीत असेल, तर ही गडबड बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत आपोआप थांबते. पण त्यासाठी टरफलाचा माल तिला मिळायला हवा.

दोन ग्रॅमचा हिशेब

टरफल जवळजवळ सगळेच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. मध्यम आकाराच्या एका अंड्याच्या टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. गावरान कोंबडीचे अंडे लहान, म्हणून थोडे कमी. आता ती खाते काय ते पाहू. वस्तीत कोंबड्यांना कणी, कोंडा, उरलेला भात, पोळीचे तुकडे मिळतात. शंभर ग्रॅम तांदळाच्या कणीत या दोन ग्रॅमचा शंभरावा भागही जेमतेम असतो. मग बाकीचे कॅल्शियम येते कुठून?

तिच्या हाडांतून. अंड्यावर येण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून तलंगेच्या हाडांच्या पोकळीत खास नवे हाड साठू लागते. तो तिचा कॅल्शियमचा गल्ला. रात्री पोटात खाद्य नसते तेव्हा ती त्या गल्ल्यातून काढते आणि दिवसा खाऊन भरते. भरणे झालेच नाही तर गल्ला रिकामा होतो. आधी टरफल पातळ होते, मग अंडी मऊ येतात, मग अंडी थांबतात, आणि शेवटी कोंबडी पायांवर उभी राहू शकत नाही.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी जे तयार खाद्य मिळते त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या पिलांच्या खाद्यात ते साधारण एक टक्का असते. त्यामुळे अंडी सुरू झाल्यावरही पिलांचेच खाद्य चालू ठेवले तर माल कमी पडतो. उलट पिलांना मोठ्या कोंबड्यांचे खाद्य दिले तर जादा कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड खराब होते. दोघांची भांडी वेगळी ठेवा.

गरोदर बाईची गोळी कोंबडीला नको

बोलता बोलता त्या भगिनीने सांगितले की कोणीतरी 'कॅल्शियम दे' म्हटल्यावर तिने मुलीच्या गोळ्या कुटून कणीत मिसळल्या होत्या. त्याच गोळ्या, ज्या सरकारी दवाखान्यातून गरोदर मातेला मिळतात. हे ऐकून आम्ही वजनकाटा बाजूला ठेवला.

हिशेब करा. त्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एका अंड्याच्या टरफलाला तशा चार गोळ्या लागतील. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन गोळ्या, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. म्हणजे कोंबडीच्या एका टरफलासाठी पोरीच्या दोन दिवसांच्या गोळ्या गेल्या. पोटातले बाळ आपली हाडे आईकडूनच घेते. आईच्या खाण्यात कमी पडले तर तिच्या हाडांच्या गल्ल्यातून जाते, कोंबडीचे जाते तसेच. आणि या गोळ्या बाळंतपणातल्या वाढत्या रक्तदाबाचा, झटक्यांचा धोका कमी करण्यासाठीही दिल्या जातात. ती गोळी मुलीचीच. लोहाच्या गोळीबरोबर ती एकाच वेळी घेऊ नये, दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे.

कोंबडीसाठी कॅल्शियम फुकट मिळते, ते कसे ते पुढे वाचा.

काय करावे

१. टरफले फेकू नका. घरातली अंड्यांची टरफले धुऊन दहा मिनिटे पाण्यात उकळा, उन्हात कडक वाळवा आणि खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी जाडसर कुटा. आम्लेटच्या ठेल्यावरूनही टरफले आणता येतील, पण न उकळता देऊ नका, दुसऱ्या कोंबड्यांचा आजार घरी येईल. अर्धे टरफल तसेच टाकू नका, कोंबडीला अंडे फोडून खायची सवय लागते.

२. शिंपल्यांचा चुरा कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतो. तोही जाडसरच घ्यावा. जाड तुकडा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री टरफल चढताना कामी येतो.

३. टरफल किंवा शिंपला खाद्यात मिसळू नका. वेगळ्या वाटीत, विशेषतः संध्याकाळी, समोर ठेवा. जिला हवे ती खाईल, कोंबडा आणि पिले फारशी तोंड लावणार नाहीत.

४. पानाचा चुना पाण्यात कालवून पाजू नका. तो जहाल असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

५. सकाळचे ऊन मिळू द्या. कातडीवर ऊन पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. चोरी होईल, कुत्रे खाईल म्हणून कोंबडी दिवसभर अंधाऱ्या खुराड्यात कोंडली तर शिंपला देऊनही उपयोग होत नाही. जाळी लावून दोन-तीन तास तरी उन्हात सोडा.

६. नुसत्या कणीवर ठेवू नका. भिजवलेली डाळीची चुरी, शेंगदाण्याची ढेप, शेवग्याचा पाला, मेथी-पालकाचे देठ द्या. लग्नाच्या पंगतीतले खारट, मसालेदार उरलेले अन्न रोज घालू नका. जास्त मिठाने टरफल पातळ होते.

७. रात्री शांतता द्या. टरफल चढत असताना फटाके, डीजे, कुत्र्याचा हल्ला, मुलांनी पाठलाग करणे यांनी कोंबडी घाबरली की अंडे वेळेआधी बाहेर पडते किंवा नळीतच दबते.

नागपूरचा उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या खुराड्यात तर भट्टी. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि अंगातली उष्णता श्वासावाटे बाहेर काढते. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त निघून जातो, आणि टरफलातल्या कार्बोनेटसाठी रक्तात लागणारा माल कमी पडतो. शिवाय उन्हामुळे ती खाते कमी. म्हणून उन्हाळ्यात चांगल्या कोंबडीचीही टरफले पातळ होतात.

उपाय साधे आहेत. टिनावर ओले पोते किंवा तुराट्या टाका. मडक्यातले गार पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदला. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या. आपल्यासाठी कूलर नाही तिथे कोंबडीला कुठून, असे कोणी म्हणेल. पण ओले पोते तर आपण दोघांसाठीही टाकू शकतो.

आजार केव्हा समजावा?

तलंग नसून जुनी कोंबडी अचानक मऊ अंडी देऊ लागली, एकीऐवजी सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम बिघडली किंवा थांबली, तर सावध व्हा. खोकणे, नाकातून पाणी, घरघर, हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी होणे, पंख किंवा पाय लुळे पडणे ही लक्षणे रोगाची. राणीखेत, म्हणजे आपल्याकडची 'मानमोडी', हा त्यातला सर्वांत मारक. संसर्गजन्य ब्राँकायटिस या दुसऱ्या रोगात टरफल सुरकुतते आणि आतला पांढरा बलक पाण्यासारखा पातळ होतो. महिना होऊन गेला, शिंपला-ऊन सगळे दिले, तरी एखादीची अंडी मऊच येत असतील, तर तिलाही दाखवावे.

राणीखेतवर लस आहे. पहिली पिलाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, आणि ताकदीची दुसरी साधारण आठव्या आठवड्यात. लसीची एक बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते, म्हणून पाच कोंबड्यांसाठी कोणी आणत नाही. वस्तीतल्या दहा-पंधरा घरांनी एकच दिवस ठरवावा, बाटली बर्फात आणावी आणि सगळ्यांचे लसीकरण उरकावे. विचारायला सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावरांचा दवाखाना चालतो. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरूनही पशुवैद्यकीय मदत मिळते. सरकारी योजनेत ८ ते १० आठवडे वयाच्या तलंगांचा गट, २५ माद्या आणि ३ नर, निम्म्या अनुदानावर दिला जातो. ज्या बचत गटाकडे जागा आहे त्यांनी पंचायत समितीत किंवा पशुसंवर्धन खात्यात चौकशी करावी.

एकापाठोपाठ कोंबड्या मरू लागल्या तर मात्र लपवू नका, कापून खाऊ नका, विकू नका. महाराष्ट्रात बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आला. २०२४ च्या मार्चमध्ये तो आपल्या नागपूरच्या सरकारी कुक्कुट केंद्रातही निघाला. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, मुलांना दूर ठेवा, आणि १९६२ वर किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

मऊ अंडे खावे का?

टरफल हे अंड्याचे दार. ते नसले की विष्ठेतले जंतू पापुद्र्यातून सहज आत शिरतात. म्हणून आमचा सल्ला असा. पापुद्रा फाटला असेल, अंडे मातीत किंवा विष्ठेत पडले असेल, किती वेळचे ते माहीत नसेल, तर फेकून द्या. अखंड, स्वच्छ आणि ताजे असेल तर त्याच दिवशी पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवून धडधाकट मोठ्या माणसाने खावे. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारे माणूस आणि आजारी माणूस यांना मऊ अंडे देऊ नका. त्यांना चांगल्या टरफलाचे द्या. वाकडे, लहान किंवा दोन बलकांचे अंडे, टरफल पक्के असेल तर, नेहमीच्या अंड्यासारखेच चांगले. कोंबडीला औषध चालू असेल तर किती दिवस अंडी खाऊ नयेत, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने असतात, शिवाय अ आणि ब-१२ जीवनसत्त्व. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा पैसा थांबवला. आमच्या लेकरांच्या ताटातले अंडे असे वरच्यावर निघून जाते. मग अंगणातल्या कोंबडीचे अंडे भीतीपोटी आपणच का घालवायचे?

भीतीचा बाजार

विचित्र अंड्याची भीती फक्त आपल्याच वस्तीत आहे असे समजू नका. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात १४७४ साली अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवला आणि त्याला जाळले. त्या काळी युरोपात लोकांना वाटे की कोंबड्याच्या अंड्यातून राक्षसी सर्प निघतो. बिनबलकाच्या लिंबाएवढ्या अंड्यालाच तिकडे 'कोंबड्याचे अंडे' म्हणत. पुढे माणसाने कोंबडी उघडून नळी पाहिली, तास मोजले, आणि भीती गेली.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, गुरूने सांगितले आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथेच, आपल्यापासून हाकेच्या अंतरावरच्या दीक्षाभूमीवर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याचीही प्रतिज्ञा आहे. जिची अंडी आपण खातो तिला ऊन, पाणी, शिंपला आणि सावली देणे हे त्या पालनातच येते. करणीच्या नावाने तिची मान कापणे कोणत्या प्रतिज्ञेत बसते? करणी उतरवतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे.

पुढे काय झाले

तीन आठवड्यांनी आम्ही त्याच भगिनीकडे गेलो. अकराशे रुपये वाचले होते. खुराड्याला जाळीचे दार लागले होते, बाजूला टरफलाच्या चुऱ्याची वाटी. चार कोंबड्या पक्क्या टरफलाची अंडी देत होत्या. पाचवीचे अजून अधूनमधून मऊ येत होते, तिला दाखवायला नेण्याचे ठरले. मुलगी तिच्या गोळ्या स्वतः घेत होती आणि वजन सव्वा किलो वाढले होते. सासूबाई पाटावर बसून टरफल कुटत होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "आता मले विचारा, कोणाले काय द्याचं ते!"

आम्ही म्हटले, "आजी, तुम्हीच शिकवा मग बाकीच्यांना." आणि येत्या पौर्णिमेला विहारात त्याच सांगणार आहेत.

तुमच्याही वस्तीत हे करा. महिला मंडळाने एक वही घालावी : कोंबडी कोणाची, पहिले अंडे कोणत्या तारखेला, मऊ अंडी किती, शिंपला कधीपासून, लस कधी. चार आठवडे टिपण ठेवा. वहीच सांगेल की दोष करणीचा होता की कणीचा.

नमो बुद्धाय. जयभीम.